हवापाण्यापुरती भाषा

पनवेलच्या दवाखान्यात आणलेला तो गोरा खलाशी कोणाशीच बोलत नव्हता. करंजाच्या कोळ्यांनी त्याला वादळानंतर भर समुद्रातून उचललं, तेव्हा बुडत्याला टाकतात त्या तरंगत्या कड्यात तो अडकलेला होता. बुडालेली आगबोट ग्रीक होती. ठमाबाईचा एकुलता एक मुलगा त्याच बोटीवर खलाशी होता. म्हणून ती आणि तिची सून गोदू अन्नाचा कण न घेता होडीने खाडीतून पनवेल बंदराला येऊन थडकल्या.

कंपाउंडर दिनानाथने इंग्रजी बोलून पाहिलं, मग तेच इंग्रजी ओरडून पाहिलं. माणूस ग्रीक होता, बहिरा नव्हता. पण हे दिनानाथला कोण सांगणार? ठमाबाई दारातूनच ओरडली, "अरे, माजा गणू कुठं हाय? गणू!" खलाशाने कोऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"त्याची भाषा येत असेल तर एकीने आत जा," दिनानाथ वैतागून म्हणाला. "बोटीच्या कंपनीची गाडी निघालीय मुंबईहून. एकदा नेला की तुम्हाला कोण दारात उभं करणार नाही."

"हिला येते!" ठमाबाईने सुनेला पुढे ढकललं. "घरात दोघं बोलायची ना ती बोली. जा गो, इचार!"

गोदूला येत होती ती फक्त हवा. नवरा सुट्टीवर आला की सकाळी अंथरुणातूनच विचारायचा, "ती केरो कानी?" म्हणजे आज हवा कशी आहे? खलाशी आधी हेच शिकतो, म्हणायचा. मग गोदूने दारातून आभाळ बघून सांगायचं. ऊन असेल तर इलिओस, पाऊस असेल तर व्रेही, समुद्र शांत असेल तर बुनात्सा, खवळला असेल तर फुर्तूना. आणि वैशाखात अंगाची लाही होत असली तरी ती मुद्दाम म्हणायची, "ह्योनीझी." बर्फ पडतोय! तो पोट धरून हसायचा. जन्मात न पाहिलेलं बर्फ तिने त्या हसण्यासाठी कितीदा पाडलं होतं.

त्या हवेवर आता नवऱ्याचा जीव विचारायचा होता. ती खाटेजवळ उकिडवी बसली.

"ती केरो कानी?"

खलाशी दचकला. या मुलखात आपली भाषा ऐकून त्याचा बांधच फुटला. तो भडाभडा बोलत सुटला, रडत रडत बोलला. त्या लोंढ्यातून गोदूच्या हाती एकच शब्द परत परत लागला. फुर्तूना. ते तिला ठाऊकच होतं. त्या रात्री त्यांच्याही घराची कौलं उडाली होती. ऊन विचारू, की पाऊस विचारू? माझा माणूस जिवंत आहे का, हे कुठल्या हवेत विचारतात? तिला स्वतःचीच चीड आली. एवढे दिवस खिदळण्यात घालवले, एक कामाचा शब्द शिकली नाही.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला.

नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईने शिकवून पाठवलं होतं. पण बोटीवर त्याला वेगळंच नाव होतं, ते काही बारशाचं नव्हतं. ते घेतलं तर काय बिघडणार? मनातल्या मनात एकवीरा आईचे पाय धरून ती पुटपुटली, "यानी?"

खलाशी उठून बसला. त्याने तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहिल्या, तिचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "ह्योनीझी?"

गोदू हसलीच. हा ओळखतो! माझं येडं बोलणं ह्यांनी बोटीवर सगळ्यांना सांगितलंय! तिने जोरजोराने मान डोलावली.

तेव्हा त्याने दोन्ही हातांनी हवेतलं कडं धरलं. "यानी," म्हणाला. ते कडं त्याने जणू यानीच्या डोक्यावरून काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं. मग उघडा तळहात हळूहळू खाली नेत खाटेच्या काठाखाली नेला. तो हात परत वर आला नाही.

गोदू व्हरांड्यात आली तेव्हा गाडीतली माणसं तिच्या अंगावरून आत गेली. ठमाबाईने तिचे दंड पकडले.

"काय बोल्ला गो?"

"हवापान्याचं बोलतो, आये."

"आग लाव त्या हवेला! माज्या पोराचं काय बोल्ला?"

गोदूने सांगायला तोंड उघडलं. ज्याचं आयुष्य कमी व्हायची भीती होती, तो आता कुठे होता?

"आये," ती म्हणाली, "गणू..."

सुनेच्या तोंडून ते नाव ठमाबाईने पहिल्यांदाच ऐकलं. तिथेच पायरीवर बसून तिने पदर तोंडात कोंबला, आणि गोदू तिच्याजवळ बसून ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली.