सदतिसावं मरण

राक्षसाची गदा खाली आली आणि आईचा शिपाई सदतिसाव्यांदा चिरडला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. आईने कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीत नोंद केली : 'उजवीकडून वळसा. ढाल वर. अकरा सेकंद.'

एकतीस वर्षं तिने रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहायचं, ही सवय हाडीमासी खिळलेली.

तीन महिन्यांपूर्वी लेक पाच वर्षांचं संशोधन अर्धवट टाकून घरी आली. दारातच आईच्या तोंडून निघून गेलं होतं, "पळून आलीस?" तेव्हापासून दोघींचं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'गॅस बंद कर' एवढ्यावर आलं होतं. लेक सकाळ-संध्याकाळ हा काळोखा खेळ खेळत बसायची आणि दुपारी वाचनालयात जायची. तेवढ्या वेळात आई तिच्या नकळत खेळायला शिकत होती. लेकीशी बोलायला काहीतरी हवं होतं. पहिला राक्षस मारायचा आणि मग सहज विषय काढायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आज पाचवा दिवस.

राक्षस पुन्हा धपकन समोर उतरला.

"आई? हे काय चाललंय?"

लेक दारात उभी होती, चपला अजून पायातच.

"दिसत नाही? मार खातेय."

लेकीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. तिने पुढे येऊन खेळ थांबवला आणि वही उचलली.

"सदतीस वेळा? तू तर थिसिसच लिहायला घेतलायस."

"अंगठ्यांना फोड आलेत. पण काल मेल्याला अर्ध्यावर आणलं होतं."

"अगं, तुझ्या हातात मोडकी तलवार आहे. याला आत्ता मारायचंच नसतं."

"मग?"

"डावीकडे खांबामागे दार आहे. तिथून पळायचं. खेळच तसा केलाय. अंगात ताकद आली की येतात परत. वाटलं तर."

आईने पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"दार सहाव्या वेळेलाच दिसलं होतं मला."

लेकीने पानं मागे उलटली. सहाव्या ओळीत आईच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं : 'डावीकडे दार. उपयोग नाही.' तिचं बोट त्या ओळीवर थांबलं ते थांबलंच.

आईने कंट्रोलर उचलला.

"कसं पळायचं, सांग."

"गोलाचं बटण दाबून धर. आणि मागे बघू नकोस."

शिपाई दोनदा खांबावर आपटला, एकदा गदेचा वारा त्याला चाटून गेला, आणि मग तो दारातून आत कोलमडला. दार मागे बंद झालं. आत एक लहानशी खोली होती, मधोमध शेकोटी. तो तिच्याजवळ गुडघे टेकून बसला.

"आता?"

"आता काही नाही. इथे कोणी मारत नाही."

लेक सोफ्यावर तिच्या शेजारी टेकली.

"दुसऱ्याच वर्षी कळलं होतं मला," लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "तो प्रयोग चालणार नाही म्हणून."

मग पुढची तीन वर्षं काय केलंस, हा प्रश्न आईच्या अगदी जिभेवर आला. तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि जराशी सरकली, लेकीला पाय वर घेऊन बसता यावं म्हणून.