सायलेन्सरचं रोजचं भोक

सुरजच्या जीपच्या सायलेन्सरला भोक पाडणारी व्यक्ती शेवटी सापडली, तिनं केलेला चहा सगळ्यांनी घेतला आणि विषय मिटला.

आता हे झालंच नाही असं धरून चालायचं. घरातल्या तिघांनी आणि शेजारच्या एकानं तसं ठरवलंय. त्या गल्लीत चौघांचं एकमत आजवर दुसऱ्या कशावरच झालेलं नाही, तेव्हा ते मोडायला नको. तर, भोक कोण पाडतं हे अजून कुणालाही माहीत नाही.

जीप मुंजाजीची, म्हणजे सुरजच्या बापाची. देवगाव फाट्यापासून चार किलोमीटर आत त्यांचं गाव. घरी बासष्ट मेंढरं. मोठी मेंढरं चरत चालायची आणि नुकती जन्मलेली कोकरं जीपमधून जायची. जीपला पंधरा वर्षं भरली तेव्हा ती परभणीला तपासणीसाठी न्यावी लागली. तिथल्या साहेबांनी गाडी चालू करायला सांगितली, लगेच बंद करायला सांगितली, आणि कागदावर लिहिलं : आवाज जास्त, सायलेन्सर बदलून आणणे. पुढची तारीख मंगळवार, अठरा. त्या दिवशी पास झाली नाही तर जीप भंगारात जाणार होती आणि कोकरं बापाच्या खांद्यावर येणार होती. मुंजाजीचे खांदे जीपपेक्षा चाळीस वर्षांनी जुने होते, आणि त्यांची तर कुणी तपासणीही केलेली नव्हती.

त्या मॉडेलचा सायलेन्सर सेलूत मिळेना. दुकानदार आधी हसला. गिऱ्हाईक गंभीर आहे हे लक्षात आल्यावर त्यानं माफी मागितली. तेव्हा सुरजनं तो घरीच बनवायचं ठरवलं. त्यानं आयटीआय केलेला, फाट्यावर गेट-ग्रिलच्या दुकानात तो वेल्डिंग करायचा. त्याच्या हातात कला होती, फक्त ती मधेच थांबायची. अंगणात अर्धं कडबा कापायचं यंत्र होतं, अर्धी पवनचक्की होती आणि एक मोटर बसवलेली सायकल होती, जिला सीट सोडून सगळं होतं.

सायलेन्सर मात्र त्यानं पूर्ण केला. आधी जीपखाली पडून जाड तार वाकवत इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत रस्ता काढला. मग पाइपात दुधना नदीची वाळवलेली वाळू ठोकून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली, आणि पाइप लाल करून तारेबरहुकूम वाकवला. वाळू नसती तर वाकवताना पाइप चपटा झाला असता. आत बसवायच्या नळीला त्यानं तीनशे बारा छिद्रं पाडली आणि तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळली. बाहेरचं नळकांडं हवं होतं, ते सेलूच्या भंगारात मिळालं. कापसाच्या कुठल्या तरी जिनिंगमधलं रिकामं आग विझवायचं सिलिंडर. त्याचा लाल रंग खरवडून निघाला, पण एक ओळ काही केल्या जाईना : आग लागल्यास पिन ओढा. सुरजनं ती तशीच ठेवली. जीपच्या पोटाखाली कोण वाचणार.

अकरा दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी, जीप चालू झाली. ती इतकी शांत होती की मुंजाजीनं बंद समजून दुसऱ्यांदा चावी फिरवली आणि आतलं काहीतरी किंचाळलं. सुरजला गहिवरून आलं. तपासणीपर्यंत जीपला कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. आई-बापानं एकमेकांकडं बघितलं. आई अंबाबाई म्हणाली, बरं, कोकरं घोंगडीत बांधून नेऊ.

बुधवारी काही झालं नाही. फाट्यावर मात्र एक गंमत झाली. चहाच्या टपरीसमोर कुणाची तरी साठेक मेंढरं एका बुलेटला घेरून उभी होती आणि बुलेटवाला, एक वसुलीवाला माणूस, सीटवर पाय घेऊन बसला होता. सुरजनं दुकानातून बघितलं, खूप हसला, मेंढरांच्या मालकाला अक्कल नसावी असं चार लोकांत म्हणाला आणि पुन्हा ग्रिल जोडायला लागला.

गुरुवारी संध्याकाळी घरी आला तर पाइपाला भोक. सायलेन्सरच्या नळकांड्याच्या अलीकडं, डाव्या अंगाला, करंगळी जाईल एवढं. आणि गोल. गंजानं असं गोल भोक पडत नाही. सुरजनं पाइपाला हात लावला. पाइप कोमट होता.

त्यानं भोकावर लोखंडाची चकती डकवली आणि संशय घ्यायला सुरुवात केली.

पहिला संशय शेजारच्या किशनरावांवर. ते पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि आता गावाचे अर्ज लिहून देत. दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, त्यामुळं त्यांना दिसलं नाही असं गल्लीत काही घडत नसे. शिवाय जीपच्या आवाजाविरुद्ध त्यांनी आजवर तीन अर्ज केले होते. म्हणजे जीप गप्प झाल्यावर सगळ्यात जास्त आनंद त्यांना व्हायला हवा होता. सुरजला हेच संशयास्पद वाटलं. तो त्यांच्या ओसरीसमोरून नुसता चालला होता, तर न विचारताच किशनराव म्हणाले, "मी काई बघितलं न्हाई, बरं का."

शुक्रवारी कामावर जाण्याआधी सुरजनं जीपभोवती चाळणीनं पीठ पसरलं. पावलं उमटली की चोर सापडला. संध्याकाळी आला तेव्हा पीठ जसंच्या तसं होतं, एकही पाऊल नव्हतं, आणि पाइपाला भोक होतं. तो गुडघ्यावर बसून पीठ बघत राहिला. मग बोटाला लावून चाखलं. सकाळी त्यानं गव्हाचं पसरलं होतं. हे ज्वारीचं होतं.

म्हणजे गुन्हेगारानं गव्हाचं पीठ भरून नेलं होतं आणि बदली ज्वारीचं पसरलं होतं. सुरजनं डोकं चालवलं. ज्याच्या घरी ज्वारीचं पीठ, तो आरोपी. अशा रीतीनं त्यानं संशयितांची यादी थेट परभणी जिल्ह्यापर्यंत आणली. त्या रात्री घरी गव्हाच्या पोळ्या झाल्या. त्यानं चार खाल्ल्या आणि विचार चालू ठेवला.

शनिवारी तिसरं भोक पडलं. आता पाइपावर तीन चकत्या झाल्या होत्या, शर्टाच्या गुंड्यांसारख्या एका ओळीत. रविवारी दुकान बंद, सुरज दिवसभर घरी. भोक पडलं नाही. मेंढरंही त्या दिवशी चरायला गेली नाहीत, घरामागंच उभी राहिली. यातली पहिली गोष्ट त्यानं मनात नोंदवली.

सोमवारी त्यानं पुन्हा पीठ पसरलं, डबा घेऊन निघाला, गावाबाहेर गेला, उलट वळून मागच्या बाजूनं आला आणि कडब्याच्या गंजीत शिरला. उद्या तपासणी होती. आज भोक पडलं तर नवी चकती बसवायला पाइपावर जागा नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला किशनरावांच्या खिडकीतून एक वायर बाहेर आली. मागोमाग बॅटरी घेऊन किशनराव आले. मुंजाजीनं एकेक करून कोकरं जीपमध्ये ठेवली. मग अंबाबाईनं पदर खोचला, चपला काढल्या, अंगणातलं पीठ झाडूनं सुपात भरलं, पोतं अंथरून जीपखाली सरकली आणि हात बाहेर काढला. मुंजाजीनं त्या हातात ड्रिल मशीन दिली. किशनराव वाकून उजेड दाखवत होते आणि जरा डावीकडं, जरा डावीकडं म्हणत होते.

मशीन घुर्र झाली. अंबाबाईनं लोखंडाचा कीस फुंकून उडवला आणि बाहेर आली. पोरगा आयटीआयत दोन वर्षं जे शिकला, ते ती चार दिवसांत शिकली होती. मुंजाजीनं चावी फिरवली. जीप फट्‌-फट्‌-धडाड्‌ करून जागी झाली, आणि घरामागून बासष्ट मेंढरं माना वर करून, एकामागं एक, अंगणात आली आणि जीपच्या मागं शिस्तीत उभी राहिली.

सुरज गंजीतून बाहेर आला. डोक्यात कडबा होता. मुंजाजीनं इंजिन बंद केलं. किशनरावांनी बॅटरी बंद केली, जणू उजेड नसला तर ते दिसणार नव्हते.

"माय," सुरज म्हणाला, "तू?"

अंबाबाईनं हात पदराला पुसले. "तुजा सायलेन्सर लय भारी झालाय रं," ती म्हणाली. "इतका भारी की मेंढरांना जीप हाय का न्हाई तेच कळंना. पंधरा वर्सं ह्या आवाजामागं चालल्यात ती. त्यांच्या आया बी ह्याच्याच मागं चालल्या."

मग बुधवारचं बाहेर आलं. शांत जीप कोकरं घेऊन पुढं गेली आणि मेंढरं जागची हलली नाहीत. जरा वेळानं ती किशनरावांच्या ओसरीवर चढली आणि त्यांनी तीन वर्षांच्या अर्जांच्या झेरॉक्स खाल्ल्या, पोचपावत्यांसकट. तेवढ्यात रस्त्यानं एक बुलेट फट्‌फट्‌ करत गेली. सगळीच्या सगळी बासष्ट तिच्या मागं लागली, थेट देवगाव फाट्यापर्यंत. बुलेटवाल्यानं जितकी जोरात पळवली, तितकी त्यांची खात्री पटत गेली.

सुरज खाली बघायला लागला. मुंजाजीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तू तिथं व्हतास म्हनं," तो म्हणाला. "लय हसायलाय, असं टपरीवाला सांगत व्हता."

पाठीवर लाल ठिपका मारलेली स्वतःची मेंढरं सुरजनं ओळखली नव्हती, आणि मालकाच्या अकलेबद्दल चार लोकांत बोलला होता. त्यानं एवढंच विचारलं, की मला सांगितलं का नाही.

"तू आयुष्यात पयल्यांदा एक काम पुरं केलंस," अंबाबाई म्हणाली. "त्याला नाव कसं ठेवावं?" आणि ती चहा ठेवायला आत गेली.

चहा पिऊन होईपर्यंत सुरजला उपाय सुचला. त्यानं नवं भोक बुजवलंच नाही. त्यावर, शेजारच्या चकतीलाच बिजागरी जोडून, एक झाकण बसवलं, आणि झाकण घट्ट राहावं म्हणून त्यात आगीच्या सिलिंडरची मूळ पिन अडकवली. पिन घातली की सरकार, ओढली की मेंढरं. दोन्ही करून बघितलं. दोन्ही चाललं. ही त्यानं पूर्ण केलेली दुसरी गोष्ट.

मंगळवारी परभणीला जीप इतकी शांत होती की साहेबांनी चालू करा असं दोनदा सांगितलं. चालूच आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, पेन काढलं, आणि सही करण्याआधी एकदा खाली वाकून बघावं म्हणून वाकले. तिथं लिहिलं होतं : आग लागल्यास पिन ओढा. साहेबांनी ओळ वाचली. पिन बघितली. आग लागलेली नव्हती, हे मान्य करावं लागेल. पण चालू सुविधा आहे की नुसतीच लावलीय, हे तपासणं त्यांचं काम होतं. त्यांनी पिन ओढली.

धडाका झाला. साहेब उठून उभे राहिले तेव्हा पलीकडच्या पडीक जागेतून चार मेंढरं आली होती आणि जीपच्या मागं रांगेत उभी होती. कुणाची आहेत ही, असं साहेबांनी विचारलं. सुरजनं या वेळी नीट, एकेकाची पाठ बघितली. "आमची न्हाईत साहेब," तो म्हणाला.

कागदावर शेरा आला : पिन ओढल्यावर आवाज जास्त. शेवटची संधी पुढच्या महिन्याची तीन तारीख. झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद करून आणणे, अन्यथा वाहन भंगारात.

संध्याकाळी किशनराव कोरे कागद घेऊन ओसरीवरून आपण होऊन आले. आजवर त्यांनी या जीपविरुद्ध तीन अर्ज लिहिले होते, हा तिच्या बाजूचा पहिला. लिहिताना त्यांनी विचारलं, की भोक कुणी पाडलं म्हणून टाकू. चौघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मग जे ठरलं ते अर्जात आहे :

विषय : देवगाव फाट्यानजीकच्या गावातील जीपच्या सायलेन्सरच्या भोकाबाबत.

महोदय, वरील विषयी सविनय अर्ज करतो की, सदर भोक कोणी पाडले हे अर्जदारास, त्याच्या आईवडिलांस व शेजाऱ्यास माहीत नाही. तथापि ते पडल्यापासून बासष्ट मेंढरे वेळेवर चरावयास जातात. तरी सदर भोकास दोष न समजता मेंढरांची हाक समजण्यात यावे व वाहनाचा आवाज मोजताना मेंढरांसाठी काढलेला आवाज वजा करण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, सर्व बासष्ट मेंढरांच्या कानांची तपासणी शासकीय खर्चाने करून, त्यांना शांत जीप ऐकू येईल अशी व्यवस्था तीन तारखेच्या आत करून मिळावी, ही नम्र विनंती.