तिसऱ्या रांगेतली कांद्याची पात

थंडी सरली आणि मागच्या अंगणातल्या वाफ्याने एकदम जीव धरला. सोमवारी पहिला पिवळा डॅफोडिल उघडला, बुधवारी लाल ट्यूलिपनी माना वर काढल्या, आणि शुक्रवारी सकाळी बाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा दोन रांगा अशा काही फुलल्या होत्या की कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "दृष्ट लागेल हो बाई!"

त्यांना सगळी गल्ली बाईच म्हणायची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे गल्लीतली निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेली निम्मी उगाचच घाबरून असलेली. त्यांचे यजमान भाऊ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरची औषधं काढून देत. साठी केव्हाच उलटली होती, पण मालक त्यांना सोडायला तयार नव्हता. घरात कामाची वाटणी पक्की होती. माती भाऊंची, स्वयंपाकघर बाईंचं, आणि एकाने दुसऱ्याच्या राज्यात नाक खुपसायचं नाही.

बाई तिसऱ्या रांगेपाशी थांबल्या. इथेही डॅफोडिलच यायला हवे होते. कोंब आले होते, पण पान चपटं नव्हतं, गोल आणि पोकळ होतं. बाईंनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं. कांद्याची पात! चांगले सहा कांदे, एकेक वीत अंतर सोडून, अगदी शिस्तीत लावलेले. त्यांना हसू फुटलं. म्हातारबुवांना आता चांगलं आठवडाभर चिडवता येईल, असं म्हणत त्या वळल्या आणि दुसऱ्याच पावलाला जागच्या जागी थिजल्या.

सहा कांदे जमिनीत गेले, तर सहा कंद कुठे गेले?

शरद ऋतूत नर्सरीतून कंद आणले की ते मागच्या व्हरांड्यात टोपलीत राहत, कांद्याच्या टोपलीशेजारी. तीच तपकिरी साल, तोच आकार; फक्त डॅफोडिलचा कंद विषारी. आणि त्याच सुमाराला तो रविवार आला होता. बाईंनी मशरूमचं सूप केलं होतं, कांदा भरपूर घालून. पाच महिन्यांची गरोदर लेक मुद्दाम जेवायला आली होती. तासाभरात सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. लेकीला तर दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावं लागलं. बाळाचे ठोके लागतायत की नाही हे पाहताना डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. सुदैवाने बाळ सुखरूप राहिलं, आणि सगळं खापर मशरूमवर फुटलं होतं. बाईंनी भाजीवाल्याची अशी काही हजेरी घेतली होती की तो बिचारा अजून त्यांना पाहून खोक्यांमागे दडून बसतो.

म्हणजे लावताना भाऊंनी टोपल्यांची गल्लत केली. डोळे मिटले की बाईंना ते स्वच्छ दिसत होतं. तपकिरी स्वेटर घातलेले भाऊ, गुडघे टेकून, एकेक कंद हातात घेऊन खड्ड्यात ठेवताहेत. ज्या माणसाला गोळीचा रंग जरा फिका वाटला तरी चैन पडत नाही, त्या माणसाला कांदा आणि कंद ओळखू आला नाही? मग दुकानात काय होत असेल? रक्तदाबाची गोळी म्हणून ते कुणाला काय देत असतील?

बाईंचा चहा कपातच गार झाला.

अकरा वाजता त्या खोकल्याच्या गोळ्यांचं निमित्त करून दुकानात गेल्या आणि दाराशी बाकावर बसून राहिल्या. भाऊ कामात होते. चिठ्ठी वाचली, खणातून पाकीट काढलं, नाव वाचलं. गोळ्या मोजून पुडीत भरल्या, पुन्हा नाव वाचलं. पाकीट खणात परत ठेवताना तिसऱ्यांदा वाचलं. चाळीस वर्षं ते असंच तीनदा वाचत आले होते. पण आज बाईंना त्या हलणाऱ्या ओठांची भीती वाटली. मध्येच भाऊंनी एक पाकीट काढलं, क्षणभर थांबले, आणि ते ठेवून दुसरं घेतलं. बाई बाकावरून अर्ध्या उठल्या.

"काय गं, बरं नाही का वाटत?" भाऊंनी काउंटरवरून विचारलं.

"मला काय धाड भरलीय! तुमचं चालू द्या," असं म्हणून बाई उठल्या. रस्त्याने येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आजच बोलायचं. कुणाच्या जिवावर बेतण्याआधी यांना घरी बसवायचं. पण दुकान सुटलं तर हा माणूस खचेल, हेही त्यांना कळत होतं, आणि त्या विचाराने त्यांना रडू येत होतं.

दुपारी भाऊ जेवायला घरी आले. बाई त्यांना हाताला धरून थेट वाफ्याकडे घेऊन गेल्या.

"अहो, रागावू नका. पण आता दुकान पुरे करा."

"का? मालक काही बोलला का?"

"कुणी काही बोललं नाही. हे बघा." बाईंनी तिसरी रांग दाखवली.

भाऊंनी खाली वाकून एक पान तोडलं, हुंगलं आणि खो-खो हसत सुटले. "अगं, हे तर तुझे प्रताप! आणि दुकान मी सोडू होय?"

"माझे? कंद तुम्ही लावलेत. तपकिरी स्वेटर घालून इथे बसला होतात, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तो स्वेटर देऊन टाकूनसुद्धा दोन वर्षं झाली." भाऊ अजून हसतच होते. "माझी पाठ धरली होती ना. मी आठवडाभर आडवा होतो. तू म्हणालीस, यंदा मी लावते, तुमच्यापेक्षा सरळ रांगा काढून दाखवते."

"काहीतरीच काय!"

"अगं, मला आतून दिसत नव्हतं, म्हणून लेकीने फोटोसुद्धा काढून आणला होता. थांब." त्यांनी खिशातून फोन काढला, बोटाने बरंच मागे सरकवलं आणि तो बाईंपुढे धरला.

फोटोत बाई होत्या. कोपरापर्यंत माती माखलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडभर हसू. शेजारी दोन टोपल्या.

बाई फोटोकडे पाहत राहिल्या. त्यांनी तो रुमाल ओळखला, बांगडी ओळखली. आठवायला म्हणून डोळे मिटले, तर पुन्हा तपकिरी स्वेटरच दिसला. मातीचा स्पर्श नाही, लेकीचा आवाज नाही, त्या दिवसातलं काही म्हणता काही नाही.

"टोपली चुकणं काय, कुणाचंही चुकेल," भाऊ म्हणत होते. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. "तुला आठवतंय ना गं?"

बाईंनी मान हलवली. नाही.

भाऊंचं लक्ष पातीकडे गेलं, तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. सुपाचा हिशेब आता त्यांच्याही ध्यानात आला असावा, कारण त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला.

"मला भीती वाटते हो," बाई म्हणाल्या.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"लेकीला सांगायचं?"

"सांगू. आधी दोन घास खाऊन घे. चल."

दोघं आत आले. गॅसवर वरण उकळत होतं. बाईंनी सवयीने बरणी उघडली, चिमूट भरली आणि हात पातेल्यावर नेला. तो तिथेच अडला. मागे वळून त्यांनी चिमूट भाऊंसमोर धरली.

"हे मीठच आहे ना?"

भाऊंनी बोटाने चार कण उचलून जिभेवर ठेवले. "मीठच आहे."

बाईंचा हात खाली आला नाही. "पुन्हा बघा," त्या म्हणाल्या.