यापाची संत्री

सातुर्नीनो सरांनी फळ्यावर १८७ असा भलामोठा आकडा लिहिला, खडूचे हात पँटला पुसले आणि शाळेच्या पटांगणात एकच कल्ला झाला.

सहावीतली मारलेनी जागच्या जागी उड्या मारायला लागली. टोपलीत संत्री किती, ते हात न लावता, नुसतं भोवती फिरून सांगायचं होतं. कुणी तीनशे म्हणालं, कुणी खुशाल हजार. मारलेनी म्हणाली होती १८८, आणि तिच्याच वर्गातला एल्मेर १९६. खऱ्या आकड्याच्या सगळ्यात जवळ जाईल त्याने कोचाबांबाला गणिताच्या मोठ्या स्पर्धेला जायचं. शाळेला जागा एकच, आणि मारलेनीचं या शाळेतलं हे शेवटचं वर्ष. वर्षभर पोरीने काही म्हणून सोडलं नव्हतं: पातेल्यात दाणे किती, गल्लीत फरशा किती, मम्मीच्या घागऱ्याला चुण्या किती. आधी अंदाज करायचा, मग मोजून बघायचं.

"काय दोन्या बासिलिया," शेजारच्या बाईने कोपर मारलं, "लेक शहराला चालली! आता आम्हाला ओळख तरी द्याल ना?"

मारलेनीची आई बासिलिया हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. सरांचं मघाचं बोलणं तिच्या कानात अडकून बसलं होतं. सर म्हणाले होते, "संत्री बाजारात दोन्या बासिलियाकडूनच घेतली. बरोबर दोनशे. फार सोपं पडू नये म्हणून तेरा काढून घरी ठेवली."

बरोबर दोनशे! बाजारात कधी कुणाला बरोबर दोनशे मिळालीत? शंभर मोजून झाली की वर फुकटचा यापा टाकायचा, ही रीतच. त्यातून हे लेकीचे सर, म्हणून बासिलियाने दोन्ही शेकड्यांवर हात चांगला सैल सोडला होता. किती टाकली, देव जाणे. यापा मोजायचा नसतो. मोजला तर तो यापा कसला! सरही इथलेच, जन्मभर यापा खात आलेले, पण तो हिशेबात धरायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कुणाच्या येतं?

गप्प बसावं, तिला वाटलं. कोण विचारतंय?

एवढ्यात तिचं लक्ष एल्मेरकडे गेलं. बाकीची पोरं नाचत होती आणि तो टोपलीपाशी उभा राहून बोटाने पुन्हा थर मोजत होता. आपलं कुठे चुकलं, तेच त्याला कळत नव्हतं. बासिलिया उठली.

"सर, त्यात यापा आहे."

सगळं पटांगण तिच्याकडे वळलं.

"किती?" सरांचा चेहरा उतरला.

"ते काय मी मोजते होय?"

बायका हसल्या. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "मग आत्ता मोजा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

"मम्मी!" मारलेनी किंचाळली. "खाली बस ना!"

पण बोलून गेलं ते गेलं. मारलेनीने टोपलीतून एकेक काढून द्यायचं, एल्मेरने जमिनीवर ओळीत मांडायचं, आणि शाळेने एका सुरात मोजायचं असं ठरलं. एकशे ब्याण्णवला दोघं बरोबरीत येणार होती. त्याच्या अलीकडे थांबलं तर मारलेनी, पलीकडे गेलं तर एल्मेर. पोरांना ते चुटकीसरशी कळलं, आणि मग आयांनाही.

शंभर झाली. दीडशे झाली. मारलेनीचा हात खोल जायला लागला, टोपलीच्या तळाला घातलेलं गवत वर यायला लागलं. १८७ गेला. १८८, तिचा स्वतःचा आकडा, तोही गेला आणि तिचा आवाज चिरकला. बासिलियाने शालीचं टोक तोंडात धरलं. माझीच जीभ झडो, ती मनात म्हणाली.

"एकशे नव्वद! एकशे एक्क्याण्णव!"

मारलेनीचा हात रिकामा वर आला.

"संपली!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या. सर हसत फळ्याकडे वळले. एल्मेरने हात झटकले.

मारलेनीने मात्र टोपली चाचपायला हात पुन्हा गवतात घातला होता, आणि तो तिथेच थांबला. पुढच्याच बाकावर बसलेल्या आईला दिसलं, गवताखाली मूठ कशावर तरी मिटली. पोरीने वर पाहिलं. सरांकडे नाही, मोठ्या बाईंकडे नाही, आईकडे.

बासिलियाला सगळं कळलं. एकदा खरं बोलले, तेवढं पुरे नाही का? पोरीने आणखी किती भरायचं? तिने मान हलवली, कुणाला दिसणार नाही इतकीच. राहू दे.

मारलेनीचे डोळे भरून आले. ती आईकडे बघत राहिली. मग हात वर आला, गवताच्या काड्यांसकट. टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या. आता कुणीच मोजत नव्हतं, म्हणून तिने एकटीने मोजलं.

"एकशे ब्याण्णव."

एक संत्रं तिने ओळीत ठेवलं आणि हात पुन्हा गवतात घातला.

"एकशे त्र्याण्णव," दुसरं ठेवत ती म्हणाली, आईच्या डोळ्यांत रोखून बघत.

बासिलियाने मान खाली घातली.