सायकलीची खांदमळण

द्वारकाबाईच्या जात्यावरची ओवी बदलली, ते धर्मराजला अंथरुणातच कळलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिच्या दळणात हरण्या असायचा, ढवळ्या असायचा. हरण्याची शिंगं, ढवळ्याची चाल, आणि कासरा धरणारा धनी. ऐकत ऐकत धर्मराज कूस बदलायचा आणि पहाटेची थंडी त्याला गोड लागायची. त्या दिवशी मात्र जात्याच्या घरघरीतून भलतंच उमटलं:

दीर माजा दौडला गं, दोन चाकांचा वारू
तांबड्या सडकंनं जसं पान्यावरलं पाखरू

धर्मराज उठून बसला. "द्वारके, बैल मेले का आपले?"

"का बरं असं अभद्र बोलता?" जातं थांबलं.

"न्हाई, नाव ऐकलं न्हाई त्यांचं, म्हणून इचारलं."

ती हसली आणि पुन्हा खुंट्याला हात घातला. तिच्या हसण्यात काही नव्हतं. पण धर्मराजच्या पोटात त्या हसण्यानं जी ठिणगी पडली, ती काही विझेना.

भुजंग त्याचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा एवढासा होता. द्वारकाबाईनंच त्याला न्हाऊ घातलं, वाढवलं. आता तो परतूरच्या जिनात, कापसाच्या यंत्रावर कामाला होता. तिथला मिस्त्री हैदराबादेला कायमचा गेला, तो जाताना आपली सायकल भुजंगला देऊन गेला. काळीभोर, चकचकीत, हँडलला पितळी घंटी. वाटूरच्या शिवेवर ती घंटी वाजली की गावातल्या म्हाताऱ्या दाराबाहेर यायच्या.

बरं, सायकल चालायची कुठं? गावची वाट काळ्या चिकणीची. पावसाळ्यात तिच्यात चाक घातलं की चाकाचा चिखलगोळा व्हायचा. सायकल पळायची ती रमण्यातल्या सडकेवर. रमणा म्हणजे सरकारी शिकारीचं रान. भोवती तारेचं कुंपण, आत काळविटांचे कळप, मधोमध तळं आणि टेकडीवर साहेब लोकांचा बंगला. साहेबांच्या मोटारीसाठी तळ्याभोवती खडी-मुरूम दाबून अशी सडक केली होती की सांडलेलं पाणी थांबायचं नाही. त्या सडकेवर बैलगाडीला बंदी. लोखंडी धावेनं सडक कापते म्हणे. रबरी चाकाला बंदी नव्हती.

हेच धर्मराजला खायचं. पंचक्रोशीत नाव असलेली त्याची जोडी, तिला फाटकाबाहेर उभं करून रमण्याचा राखणदार दरोगा हात हलवायचा; आणि मिसरूड न फुटलेला भुजंग घंटी वाजवत आत जायचा, वर दरोग्याला सलाम ठोकायचा. गुरांना आत सोडायचे ते वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, तळ्यावर धुवायला.

आणि औंदा त्याच दिवसावर भुजंगनं पैज लावली होती. परतूरच्या बजरंगलाल शेठचा मुलगा दीपचंद, त्याच्याकडंही सायकल. बंगल्यापासून उतार उतरायचा, तळ्याला वळसा घालायचा, फाटकाशी पहिला पोचेल तो खरा. दहा गावांत बोभाटा झाला. पोळ्याला कोणाच्या बैलाचा मान, हे यंदा कोणी विचारीना.

पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदमळण असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे कठीण होतात, त्यांना हळद-लोणी चोळायचं, उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. धर्मराजनं हरण्याचा खांदा चोळला, ढवळ्याचा चोळला. मग दावं आणायला परसात गेला आणि परतून आला, तर गोठ्याच्या कोपऱ्यात दिवा हलत होता.

द्वारकाबाई सायकलीपुढं बसली होती. उरलेलं लोणी तिनं पोरीच्या केसाला लावावं तसं दोन्ही चाकांच्या लोखंडी कड्यांना आतून-बाहेरून लावलं होतं. हँडलला हळदीची बोटं ओढून ती पुटपुटत होती, "आज आवतण घे, उद्या जेवाया ये बाई. माजा दीर तुझ्यावर बसून जातो. तुला बी खांदा हायेच की."

धर्मराज दाराशीच थबकला.

त्याला ठाऊक होतं. सायकल आली त्या दिवशी भुजंगनंच दाखवलं होतं: "दादा, हा ब्रेक दाबला की ही रबराची गिट्टी कडीला आवळती. कडी कोरडी पायजे. तेलाचं बोट लागलं तरी धरत न्हाई, मंग उतारावर राम राम." तेव्हा धर्मराजनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. पण जळणाऱ्या माणसाचे कान फार तिखट असतात.

आता बोलावं. दोन शब्दांचं काम. पण जिभेवर ते दोन शब्द येईनात. हे लोणी हरण्यासाठी घुसळलं होतं. आवतण बैलांचं होतं. हात त्याच्या बायकोचे होते. एकदा पडू दे, त्याच्या मनात आलं. लई तर गुडघा फुटंल. दहा गावांसमोर लोळला म्हणजे कळंल.

तो पाय न वाजवता परत फिरला.

सकाळी भुजंगनं हळदीची बोटं पाहिली आणि वहिनीच्या पाया पडला. चिखलाच्या वाटेनं त्यानं सायकल नेहमीसारखी खांद्यावर घेतली. बैल पुढं, धर्मराज मधे, सायकल मागं.

शेजारचा कचरू आपली जोडी हाकत आला. "काय धर्मराज, औंदा मानाचा बैल कोन्ता? का भुजंग्याच्या सायकलीलाच झूल घालून राह्यला?"

माणसं खदखदली. भुजंगही हसला. म्हणाला, "घालतो की कचरूकाका, बाशिंग बी बांधतो!"

धर्मराजचं तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. ते पुन्हा मिटलं.

तळ्यावर त्यानं हरण्याला पाण्यात घातलं. एरवी चार माणसं मदतीला यायची, शिंगांना हात लावून कौतुक करायची. आज सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं आणि तोंडं टेकडीकडं. त्यानंही मान वर केली. आजवर पोळ्याला इथं आला तरी त्याची नजर बैलांवरच असायची. तो उतार आज पहिल्यांदा, पाण्यात उभं राहून, त्यानं नीट पाहिला. सडक बंगल्यापासून सरळ सुटत होती ती थेट तळ्याच्या सांडव्यावर, आणि सांडव्याच्या तोंडाशी एकदम वळत होती. जो वळणार नाही त्याच्यासाठी तिथं धारदार काळे दगड होते आणि दगडांखाली पाणी पडत होतं.

गुडघा नव्हे. तिथं गुडघ्यावर भागणार नव्हतं.

वर घंटी वाजली. धर्मराजच्या हातातला कासरा सुटला. पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल पाण्यात मोकळा सोडून तो चढणीला लागला. ओलं धोतर पायांत अडकत होतं, ते त्यानं वर खोचलं आणि पळत सुटला.

"भुजंगा! थांब रं! बसू नको त्याच्यावर!"

भुजंगनं पायडलवर पाय ठेवलाच होता. भोवतीची माणसं वळली. भुजंगच्या कपाळाला आठी पडली. आवाज दाबून तो म्हणाला, "दादा, आज तरी न्हाई. सायकल आल्यापून तुमचं चाललंय, मी काय बोललो का? आज तरी जळू नका."

"बिरेक दाब."

"काय?"

"दाब म्हन्तो ना!"

भुजंगनं चाक उचललं, हातानं फिरवलं आणि ब्रेक आवळला. चाक गरगर फिरतच राहिलं. कडीवरून बोट फिरवलं त्यानं, आणि बोट नाकाशी नेलं.

"लोणी," तो म्हणाला. "कुणी लावलं हे?"

सगळा रमणा ऐकत होता. धर्मराजला वाटलं, नाव सांगितलं तर संध्याकाळपर्यंत परतूरच्या बाजारात बायका द्वारकेवर हसतील. दिराचा जीव घ्यायला निघाली होती, असंही कोणीतरी म्हणेल.

"मी," तो म्हणाला. "खांदमळण केली. बैलाला करतो तशी."

हसण्याचा असा लोट उठला की तळ्यावरचे बगळे उडाले. "सायकलीला लोणी! आरं, कडबा बी टाकायचा!" दरोगा पोट धरून म्हणाला, "पाटील, दूध कितना देती है?" कचरू तर सडकेवर बसलाच.

एकटा दीपचंद हसला नाही. सायकल कलती करून म्हणाला, "भुजंगभाऊ, मी थांबतो. बराबर पुसून घ्या. घाई बिलकुल न्हाई."

बंगल्याच्या चुलीतली राख आणली. भुजंग कडी घासत बसला, धर्मराज चाक धरून उभा. माणसं पांगली तसा भुजंग मान खाली घालूनच बोलला.

"वैनीची बोटं वळखतो मी, दादा. तुमी कवा पाह्यलं?"

"काल."

राखेचा हात थांबला. मग हात पुन्हा चालू झाला, आणि त्यानं कडीचा कण न् कण घासून काढला.

भुजंग जिंकला. उतारावरून सुटला, सांडव्याशी ब्रेक करकरला, सायकल अंग वळवून तळ्याकाठी लागली आणि दीपचंदच्या चार हात पुढं फाटकातून निघाली. माणसांनी फेटे उडवले. धर्मराज वर एकटाच उभा होता. भावाचं हाड शाबूत राहिलं म्हणून त्याचे डोळे भरले होते, आणि त्याच डोळ्यांत ते उडते फेटे कुसळासारखे सलत होते. दोन्ही खरं होतं.

सांजेला तोरणाखालून जोडी घरी आली. द्वारकाबाईनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. गावातलं हसणं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. ताट खाली ठेवून ती म्हणाली,

"तुमी म्हणे सायकलीला लोणी लावलं."

"हां."

"मी लावल्तं."

"म्हाईत हाय."

"काल दाराशी पाय थांबल्यागत वाटलं मला. म्हणलं, मांजर असंल. का नाही बोललात वो? पोटच्या पोरावानी वाढवलाय मी त्याला."

धर्मराज हरण्याच्या पाठीवरची झूल उगीच सारखी करत राहिला. कारणं पुष्कळ सुचली. एकही तोंडात टिकेना.

"जळत व्हतो," तो म्हणाला.

द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला. गल्लीच्या तोंडाशी पोरांचा गलका झाला. खांद्यावर सायकल घेऊन भुजंग चिखलातून येत होता, आणि पोरं हात उंचावून घंटी वाजवत होती.

"आता बी जळून राह्यलात का?"

"व्हय," धर्मराज म्हणाला. "घंटी वाजली की व्हतंय."

"जळा मंग," ती म्हणाली, आणि त्याचं जेवणाचं ताट न वाढताच दाराशी दिराला पाणी द्यायला निघाली. उंबऱ्यावर थांबून, मागं न पाहता पुढं म्हणाली, "पण बोलून जळा. मुकाट्यानं नको."

धर्मराजनं मान हलवली. मग तिनं मागं पाहिलंच नव्हतं, हे ध्यानात येऊन तो मोठ्यानं म्हणाला, "बरं."