बारा मिनिटांची किटली

मित्रांनो, विमानतळावर आयुष्य काढलेली मी एक म्हातारी किटली. पोटाला पोचे, बुडाला काजळी. पण हसू नका, एके काळी माझ्या शिट्टीवर विमान उतरायचं!

कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला आणि तिथून आले ती थेट एका छोट्याशा बेटावर. पलीकडच्या बेटाचा विमानतळ अठ्ठेचाळीस किलोमीटरवर, म्हणजे विमानाने बारा मिनिटं. आमचं भिंतीवरचं घड्याळ खाऱ्या वाऱ्याने गंजून मेलेलं, आणि नव्याचा अर्ज वर मंजुरीसाठी पडून. मग मॅनेजरसाहेबांनी शोध लावला. पलीकडून 'निघालं!' असा फोन आला की चहावाल्या मावशींनी मला गळ्यापर्यंत भरून गॅसवर चढवायचं. बारा मिनिटांनी इकडे माझी शिट्टी, तिकडे धावपट्टीवर चाकं टेकलेली. काय ते दिवस होते! शिट्टी ऐकून प्रवासी पिशव्या उचलायचे. विमान चालवायचा मावशींचा धाकटा भाऊ. उतरला की पहिला कप त्याचा.

पण रोज विहिरीचं जड पाणी, आणि मला आतून घासायला कोणाला सवड? पोटात पांढरा थर साचत गेला. उकळी उशिरा फुटू लागली. विमान येऊन उभं राहायचं, आणि मी आपली गुपचूप.

साहेब मात्र खूश. "वा! विमान किटलीच्या तीन मिनिटं आधी! बारातून तीन गेले, नऊ!" ती तीन मिनिटं त्यांनी मनगटावरच्या घड्याळात मोजली. बारा मोजायचं काही सुचलं नाही. फळ्यावर नऊ लिहिलं, वर कळवलं, शाबासकीही मिळवली.

तीन महिन्यांनी वरून पत्र आलं. वेळापत्रक आता नऊ मिनिटांचं, आणि विमानातल्या नोंदीप्रमाणे वैमानिक रोज तीन मिनिटं उशिरा पोचतो. आठ दिवसांत सुधारणा नाही, तर नोकरीवरून कमी.

भाऊ पत्र घेऊन मावशींसमोर बसला. "ताई, मी तोच, विमान तेच. मधला समुद्र काय धुतल्यावर आखडलाय?"

"अरे, मग साहेबांना विचार ना!"

"विचारलं. म्हणाले, किटली कधी खोटं बोलत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा विश्वास, आणि माझ्या तोंडात शिट्टीशिवाय शब्द नाही!

तेवढ्यात साहेब चहा मागत आले. मावशींनी रागारागात मला जरा जास्तच तिरकं केलं, आणि पोटातली जाड पांढरी खपली टपकन कपात पडली.

"हे काय?" साहेब दचकले.

मावशींनी झाकण काढून चमच्याने आत खरवडलं. खपल्यांनी भरलेला चमचा साहेबांपुढे धरला. मग म्हणाल्या, "साहेब, ही तुमची तीन मिनिटं. बघा चावून."

त्यांनी लिंबं पिळून मला उकळलं, घासघास घासलं. पुढच्या फेरीला माझी शिट्टी आणि चाकं एकदमच! साहेबांनी चूक कबूल केली नाही. त्यांनी वर लिहिलं, 'दोन बेटांमधलं अंतर पूर्ववत झालं आहे.' वर कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि भावाची नोकरी वाचली.

आता तिथे लाल आकड्यांचं घड्याळ आहे. मी मावशींच्या फळीवर असते. कधीतरी विमानाचा आवाज आला की शिट्टी अगदी तोंडाशी येते.

मित्रांनो, भांडी आतूनही घासत जा. आणि कोणाला 'उशीर केलास' म्हणण्याआधी, ज्याने मोजलंत त्याच्या पोटात एकदा डोकावून बघा.