पाठमोरी अव्वा

वीरण्णाला कंटाळा आला होता, आणि तो एका दिवसाचा नव्हता. उदगीरच्या बाजारातलं त्याचं भांड्यांचं दुकान दुपारी ओस पडायचं. मग तो गल्ल्यावर बसून मोबाईल चाळायचा, आणि चाळता चाळता मोबाईललाच नावं ठेवायचा. काय ही दुनिया! घास तोंडात जायच्या आधी ताटाचा फोटो. नवरा-बायकोचं भांडण, तेही गाणं लावून. अकरावीतली लेक अक्षरा घरात जे दिसेल त्याचा व्हिडिओ काढायची. सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं. "अप्पा, तुमीच तर दिवसभर बघत बसता," असं ती म्हणाली की मात्र त्याला दुकानातलं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

त्या दुपारी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. पाठमोरी बसलेली एक म्हातारी, डोक्यावर पदर, मान खाली, डावा हात तोंडासमोर. कुणीतरी हाका मारतंय, पण म्हातारी ढिम्म. वर लिहिलेलं, 'आज्जीलाही रीलचं वेड', आणि मागं खिदळण्याचा आवाज. वीरण्णा पोट धरून हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. त्यानं हसरे चेहरे ओळीनं ठोकून दिले आणि व्हिडिओ पुन्हा लावला.

दुसऱ्यांदा बघताना त्याला कोनाड्यातली समई दिसली. पोचा आलेली, म्हणून दुकानात न खपलेली आणि शेवटी त्यानं स्वतःच घरी नेलेली. त्यानं व्हिडिओ थांबवला. ती म्हातारी त्याची आई होती, मल्लम्मा, घरात सगळ्यांची अव्वा. तिच्या हातात मोबाईल नव्हता, गळ्यातलं इष्टलिंग होतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन ती अशीच एकटक बघत बसते, आणि पूजा सुटेपर्यंत कुणालाही ओ देत नाही, की ते लिंग दुसऱ्याच्या नजरेला पडू देत नाही. लिंगायताच्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वीरण्णा स्वतः रोज तसाच बसतो. तरी वर जे लिहिलं होतं, तेच त्याला दिसलं.

घाईघाईनं त्यानं ते हसरे चेहरे पुसले, शटर ओढलं आणि घर गाठलं. अक्षरा रडकुंडीला आली होती.

"अप्पा, मी असं न्हाई टाकलं. 'माझी अव्वा पूजेला बसलीय', असं लिवलं होतं मी. कुणीतरी उचलला आन् हसण्याचा आवाज घातला."

"मग काढून टाक की!"

"माझा काढला. त्येंचा कसा काढू? पार बिलोलीच्या मैत्रिणीला आला."

तिला रागवावं म्हटलं, तर राग कुठून सुरू करावा तेच त्याला सुचेना. भांडायला समोर माणूस तर पाहिजे! तो खाटेवर बसला. "अव्वाला कळू देऊ नगं," एवढंच म्हणाला. लेकीला वाटलं, आजीच्या मनाला लागेल म्हणून सांगताहेत. त्याची भीती वेगळीच होती. आपण हसलो, हे आईला कळायला नको होतं.

तेवढ्यात अव्वा शेजारून, व्यापाऱ्यांच्या त्याच ग्रुपवरच्या नागप्पाच्या घरून आली. भिंतीला टेकून बसली.

"नागप्पाच्या सुनेनं दाखिवलं मला. माझं लिंग दिसलं का रं त्यात?"

"न्हाई अव्वा. पाठमोरी हायस तू."

"मंग हसंनात तिकडं."

वीरण्णाचा जीव भांड्यात पडला. पण अव्वाचं बोलणं संपलं नव्हतं.

"कोण कोण हसलं, तेबी वाचून दाखिवलं तिनं. सासऱ्याच्या मोबाईलवर. तुझं नाव वरच होतं, मागनं पुसलं गेलं."

"अव्वा, मला काय ठावं, ते..."

"हसलास त्येचं काई न्हाई रं. शेजारच्या सुनेनं बघितल्या बघितल्या वळखलं मला. लेकानं पाठीवरनं आई वळखली न्हाई व्हय?"

अक्षरा वीरण्णाकडं बघत होती, आणि या वेळी त्याला दुकानातलं कुठलंच काम आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा नेहमीच्याच जागी पूजेला बसली. फक्त तळहातावर पदर ओढून घेतला आणि तोंड दाराकडं केलं. दुकानाला जाताना वीरण्णाला तिच्या समोरून जावं लागलं.